न प्यालेली कॉफी

"बैठकीतलं घड्याळ मागे कर," यम्मांनी सांगितलं, तेव्हा निदालने अजून तोंडही धुतलं नव्हतं.

"करतो की. कुठं पळून जातंय का ते?"

"आत्ता कर. पाहुणे यायचेत."

निदाल माझा नवरा आणि यम्मा त्याची आई. त्यांच्या बोलीत आईला यम्मा म्हणतात, म्हणून मीही यम्माच म्हणते. निदाल जांभया देत खुर्चीवर चढला, भिंतीवरचं मोठं घड्याळ काढून काटा एक तास मागे घेतला आणि परत टांगून अंघोळीला गेला. मी स्वयंपाकघरात गेले तर तिथलं लहान घड्याळ खिळ्यावर नव्हतं. पिठाच्या डब्यावर पालथं पडलं होतं.

"याला काय झालं?"

"बंद पडलंय," यम्मा म्हणाल्या. "तू तांदूळ भिजव. मोठ्या पातेल्यात."

या दोन घड्याळांबद्दल सांगायला हवं. आमचं गाव नाब्लुसच्या पश्चिमेला, टेकडीच्या उतारावर. तिथे थंडीच्या तोंडाशी घड्याळं एक तास मागे घेतात. पण आमचं सरकार ती एका तारखेला मागे घेई आणि आमच्यावर ताबा घेऊन बसलेलं परकं लष्कर दुसऱ्या. मधले दिवस गावात दोन वेळा चालत. दुकानात दही कधी येणार विचारलं, तरी दुकानदार आधी विचारी, "आपल्या वेळेनं की त्यांच्या?" एरवी हसून सोडून देण्यासारखी गोष्ट, पण गेट लष्कराच्या वेळेवर चालत असे आणि गेटापुढे कुणाची मस्करी चालत नाही.

गेट म्हणजे कुंपणातलं गेट. गावची निम्मी जमीन लष्कराने घातलेल्या तारेच्या कुंपणापलीकडे गेली होती. आमची जैतुनाची, म्हणजे ऑलिव्हची, झाडंही तिकडेच. गेट सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी थोडा थोडा वेळ उघडायचं, तेही परवाना असेल त्यालाच. यम्मांना हंगामापुरता परवाना मिळे, निदालला मिळत नसे, मला तर विचारायचीही सोय नव्हती. म्हणून आमच्या घरात बैठकीतलं घड्याळ गावाच्या वेळेवर आणि स्वयंपाकघरातलं कायम गेटाच्या वेळेवर असायचं. यम्मा त्याच्याकडे बघून डबा भरायच्या.

कुंपणापलीकडे सहा घरंही अडकली होती. पेरूच्या बागा सांभाळणारी माणसं. स्वतःच्या घरात राहायला त्यांना परवाना लागे आणि संध्याकाळचं गेट लागलं की ती सकाळपर्यंत तिकडेच बंद. त्यातल्याच एका घरातल्या तहसीनला आमची अरीज आवडली होती आणि अरीजला तो.

अरीज माझी नणंद. गावच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. वय अठ्ठावीस, जिभेला धार, आणि मी या घरात आल्या दिवसापासून माझी बाजू घेऊन भांडणारी. तहसीन बाजारात पेरू घेऊन यायचा. अरीजला पेरू आवडत नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तरी आठवड्याला दोन किलो पेरू घरात येऊ लागले, तेव्हा काय समजायचं ते आम्ही समजलो.

यम्मांनी दोनदा नकार दिला होता.

"पोरगा चांगला आहे, यम्मा," मी म्हटलं होतं.

"पोरग्याला मी कुठं नावं ठेवतेय? गेटाला ठेवतेय. आज परवाना आहे, उद्या नसला तर? माझी पोर हाकेच्या अंतरावर असेल आणि मला दिसणार नाही. त्यापेक्षा लांब दिलेली बरी."

लांब दिलेली तर मीच होते. मी जयसिंगपूरची. पुण्यात शिकायला होते, निदाल औषधनिर्माणशास्त्राला होता, आणि आमचं लग्न कसं जमलं त्यावर आमच्या भाऊबंदांत अजून बोललं जातं. इथे मी व्हिसावर राहत होते. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याची खात्री नाही, म्हणून पाच वर्षं माहेरी गेले नव्हते. लांब दिलेल्या मुलीची आई कशी राहते ते यम्मा माझ्या फोनवरच्या बोलण्यातून रोज ऐकत होत्या. भाषा कळत नसली तरी रडू कळतंच की.

अरीजने मात्र मला स्वच्छ सांगितलं होतं, "यम्माच्या मनाविरुद्ध मी जाणार नाही. पण दुसऱ्या कुणाकडेही जाणार नाही, वैजू." आणि ती बोलल्याप्रमाणे वागणारी बाई होती. हे जमलं नसतं तर ती जन्मभर त्या घरात भूगोलाचे पेपर तपासत बसली असती.

शेवटी फखरीकाकांनी आपलं डोकं चालवलं. हे निदालचे चुलते. सासरे वारल्यापासून घरातला मोठा शब्द त्यांचा. मागणी घालायला मुलाकडची वडीलधारी मंडळी वाजतगाजत येतात, त्याला तिथे जाहा म्हणतात. खरं तर आधी सगळं ठरलेलं असतं, जाहा नुसती शोभेची. इथे काहीच ठरलं नव्हतं, तरी काकांनी निरोप धाडला, या म्हणून. दारात आलेल्या माणसांना वहिनी रिकाम्या हाताने पाठवणार नाही, असा त्यांचा हिशेब.

"येऊ देत," यम्मा म्हणाल्या होत्या. "पण मी गप्प बसेन असं कुणी समजू नका."

तर त्या शुक्रवारी दहा माणसांसाठी, तेही संध्याकाळच्या गेटाआधी उठून जाणाऱ्या, यम्मांनी लग्नाला पुरेल एवढा भात भिजवायला लावला. वांगी तळली, दोन कोंबड्यांच्या जागी पाच शिजवल्या. शिवाय घरातल्या सगळ्या गाद्या गच्चीवर उन्हात टाकायला सांगितल्या. मी म्हटलं, "आज कशाला गाद्या?" तर म्हणाल्या, "ऊन आज आहे." मनाला त्रास झाला की बायका घर आवरायला काढतात, तसलं काहीतरी असेल म्हणून मी गाद्या वाहिल्या.

दुपारच्या गेटाने मंडळी आली. पुढे अबू सारी, तहसीनच्या आजोबांचे भाऊ. उंच, वाळके, डोक्यावर पांढरा रुमाल. मागे आठ जण आणि सगळ्यांच्या शेवटी इस्त्रीचा शर्ट घालून तहसीन. त्याच्या हातात पेरूची पेटी होती. अरीज माझ्या खांद्यामागून बघत होती. "पेरू!" ती पुटपुटली. "आजच्या दिवशीही पेरू!"

बैठकीत पुरुष बसले. आम्ही बायका बोळात, अर्धवट लोटलेल्या दारामागे. निदालने वेलची घातलेली कडू कॉफी फिरवली. अबू सारींनी कप घेतला आणि न पिता समोर ठेवला. बाकीच्यांनीही ठेवले. हीच तिथली रीत. मागणीला होकार मिळेपर्यंत पाहुणा कॉफीला ओठ लावत नाही. यजमानाने "घ्या, कॉफी घ्या" म्हटलं की समजायचं, मुलगी दिली.

अबू सारी बोलले छान. देवाचं नाव घेतलं, दोन्ही घराण्यांच्या जुन्या संबंधांची आठवण काढली, आमच्या सासऱ्यांनी एकदा त्यांची विहीर उपसायला कशी मदत केली ते सांगितलं. मग म्हणाले, "आम्ही तुमची लेक अरीज आमच्या तहसीनसाठी मागायला आलोय."

फखरीकाकांनी घसा साफ केला. त्यांच्या तोंडातून "घ्या" निघणार एवढ्यात दारातून यम्मांचा आवाज आला.

"थांब, फखरी. आधी मला पाहुण्यांशी बोलायचंय."

बैठकीत चुळबुळ झाली. जाहामध्ये बाईने मधे बोलायची पद्धत नाही. पण अबू सारींनी मान खाली घालून म्हटलं, "बोला, उम्म निदाल. ऐकायलाच आलोय." उम्म निदाल म्हणजे निदालची आई; तिथे मानाने अशीच हाक मारतात.

आणि यम्मांनी प्रश्नांची जी सरबत्ती लावली! तहसीनच्या आजीची तब्येत विचारली. पेरूला यंदा कीड लागली का, विचारलं. विहिरीला पाणी किती, बकऱ्या किती, घरं सहाच की नवीन बांधू देतात. एकेका प्रश्नाला पाहुणे नीट उत्तर देत होते. कपांतली कॉफी गार होत होती. मला यम्मांच्या बोलण्याचा रोखच समजेना. अरीजने माझा दंड इतका आवळला होता की बोटं उमटली.

भिंतीवरच्या घड्याळाकडे मात्र पाहुण्यांचं लक्ष होतं. मनगटावरच्या घड्याळात बघणं म्हणजे यजमानाला "कधी सुटतो" म्हणण्यासारखं, म्हणून कुणी बाही मागे सारत नव्हतं. खिशातला फोन काढणं तर त्याहून वाईट. समोर भिंतीवर एवढं मोठं घड्याळ होतंच. पाचला गेट लागतं, साडेचारला निघू, असं प्रत्येकाच्या मनात. रात्री गावाची वेळ बदलली हे ठाऊक सगळ्यांना होतं, पण पहिल्या दिवशी डोकं जुन्याच वेळेला धरून चालतं.

चार वाजले आणि अबू सारींचा फोन वाजला. त्यांनी संकोचाने तो काढला. पलीकडून बायकोचा आवाज इतका खणखणीत की बोळात आम्हालाही ऐकू आला.

"कुठं आहात? गेट लावलं की!"

"गेट? अगं, चारच वाजलेत. समोर भिंतीवर दिसतंय मला."

"कुणाच्या भिंतीवर?"

अबू सारींनी घड्याळाकडे पाहिलं. निदालने घड्याळाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला. भिंतीवरचे चार म्हणजे गेटाचे पाच. फखरीकाका लाजेने लालबुंद झाले. पाहुणा यजमानाच्या घड्याळाने फसला म्हणजे यजमानाचीच नाचक्की. निदालने गेटाच्या कचेरीला फोन लावला. बराच वेळ कुणी उचलेना, मग कुणीतरी उचलून "सकाळी" एवढंच म्हणून ठेवला.

मला वाटलं, संपलं. यम्मा आता म्हणणार, बघा, हेच मी सांगत होते. अरीजलाही तेच वाटलं असावं. तिने माझा दंड सोडला आणि बोळातल्या पायरीवर बसली.

पण यम्मांचं लक्ष पाहुण्यांकडे होतं. दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि ऐकू लागल्या.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग अबू सारी हसायला लागले, आणि एकेक करत सगळे. "सहा घरांतली सगळी पुरुषमाणसं एका घड्याळानं पकडली," एक जण म्हणाला, "लष्करालाही एवढं जमलं नसतं!" मग अबू सारींनी फोन परत कानाला लावला आणि त्यांचा आवाज बदलला. "ऐक. राकान इथे आहे, त्याच्या आईला एकटीला झोपू देऊ नका, तिला आपल्याकडे आण. तिची गोळी आठ वाजताची आहे. सगळ्या आपल्याच घरी झोपा. तहसीनच्या बकऱ्या हनानला बघू दे. आणि गच्चीवरचा दिवा लावून ठेवा, म्हणजे इथून दिसेल आम्हाला." तोवर दुसऱ्याने आपल्या घरी फोन लावला होता, तिसऱ्याने आपल्या. कुणी कुणाला काय करायचं ते विचारत नव्हतं. आमच्या घरी पाहुणे आले की साधी ताटं मांडतानाही जास्त गोंधळ होतो.

मग सूर्यास्ताची, मगरिबची अजान झाली, नमाज झाला, आणि स्वयंपाकघरातून भाताचा वास बैठकीत शिरला.

"चला, जेवून घ्या," फखरीकाका म्हणाले.

"जेवू कसे?" अबू सारी शांतपणे म्हणाले. "कॉफी तशीच आहे."

आता पंचाईत बघा. होकाराशिवाय पाहुणे कॉफी पिणार नाहीत, आणि कॉफी न पिता जेवणार कुठून? पाहुणा उपाशी असताना यजमानाने घास घ्यायचा नाही. आणि पाहुण्याला हाकलावं तर गेट बंद. दहा भुकेली माणसं सकाळपर्यंत समोर बसून राहणार आणि आख्खं गाव ते ऐकणार. त्यात काकांना मधुमेह. त्यांनी वहिनीकडे असं पाहिलं की मला दया आली. "उम्म निदाल," ते कुजबुजले, "माझे हात थरथरतायत गं."

यम्मांनी एक खजूर त्यांच्या हातात ठेवला. "औषध समजून खा. पाहुणे माफ करतील." मग त्या दारातून आत गेल्या, अबू सारींच्या समोर उभ्या राहिल्या.

"एकच विचारते, हाजी. माझ्या पोरीला कळा लागल्या आणि गेट बंद असलं तर?"

तहसीनने मान वर केली. तो काहीतरी बोलणार होता. अबू सारींनी हात वर करून त्याला थांबवलं.

"गेट उघडेल असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले. "तिघींच्या वेळी फोन केला. दोनदा उघडलं. एकदा नाही उघडलं. तेव्हा माझ्या बायकोनं आणि हनाननं घरीच सोडवलं. हनान दवाखान्यात कामाला होती पूर्वी. तेव्हा झालेली पोरगी आता पहिलीत आहे, तुमच्या अरीजच्याच शाळेत. पण तेव्हा आम्ही सगळे पहाटेपर्यंत दाराबाहेर उभे होतो आणि घाबरलेले होतो. ते तुमच्यापासून लपवून मला सून नकोय."

बोळात अरीज पायरीवरून पुढे वाकून ऐकत होती.

"आज गेट आमच्यावर लागलं," ते पुढे म्हणाले. "पण आम्ही तुमच्या घरात बसलोय, उम्म निदाल. रस्त्यावर नाही. तिच्यावर लागेल तेव्हा तीही घरातच असेल. एवढंच माझ्या हातात आहे, तेवढं देतो."

यम्मांनी वाकून त्यांच्यासमोरचा कप उचलला. बोट लावून पाहिलं.

"ही गार झाली," त्या म्हणाल्या. "गार कॉफी पाजून मुलगी द्यायची पद्धत नाही आमच्यात. वैजू! ताजी टाक!"

अरीज पायरीवरून उठली ती थेट माझ्या गळ्यात पडली. बोळातल्या बायकांनी तोंडावर हात धरून आनंदाची अशी किलकारी ठोकली की शेजारच्या गच्चीवरून तिला उत्तर आलं. कॉफी टाकताना मी खरोखर रडत होते. आत फखरीकाका इतक्या मोठ्यांदा "घ्या, कॉफी घ्या!" म्हणाले की त्यात लेक दिल्याचा आनंद किती आणि जेवण मिळाल्याचा किती, हे सांगणं कठीण. पाहुणे मात्र तुटून पडले. भात पुरून थोडाच उरला.

जेवणं आटोपल्यावर मी गच्चीवरून गाद्या आणल्या. उन्हाने फुललेल्या, दहा जणांना पुरेशा. दोन गाद्या पसरल्या आणि तिसरी उचलताना मी जागीच थांबले.

तशीच स्वयंपाकघरात गेले. पिठाच्या डब्यावरचं पालथं घड्याळ सुलटं केलं. टिकटिक चालू होती. बरोबर गेटाच्या वेळेवर.

यम्मा पातेलं घासत होत्या. मागे वळूनही न बघता म्हणाल्या, "लाव खिळ्यावर. उद्या सकाळी त्यांना वेळेवर पाठवायला लागेल."

"यम्मा, तुम्ही..."

"तूच सांगितलंस की."

मी काय सांगितलं होतं? मग आठवलं. महिन्यापूर्वी मसूर निवडताना मी त्यांना माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाची गंमत सांगितली होती. संजीवनीला कुरुंदवाडकडचं स्थळ आलं होतं. आई-बाबा घर बघायला गेले आणि आईने मुद्दाम शेवटची एसटी चुकवली. आधी चप्पल सापडेना, मग पाणी हवं, मग त्यांच्या म्हशी बघायच्या. बाबा चिडले, रात्रभर डास चावले. पण रात्री त्या घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, म्हाताऱ्या आत्याला कोण वाढतं, ते आईने सगळं बघून घेतलं आणि सकाळी होकार दिला. यम्मांनी ती गोष्ट माझ्याकडून तीन वेळा सांगून घेतली होती. मला वाटलं, त्यांना डासांचं हसू येतंय.

"पोहे खाताना सगळेच गोड असतात, असं म्हणाली ना तुझी आई?" पातेलं उपडं घालत यम्मा म्हणाल्या. "पोहे म्हणजे काय ते मला अजून कळलं नाही. पण बाई बरोबर बोलली."

"आणि ते चिडले असते तर? एकमेकांवर ओरडले असते तर?"

"तर सगळ्यांना पोटभर वाढलं असतं. कॉफी तेवढी दिली नसती."

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना गेटावर पोचवून आल्यावर मी जयसिंगपूरला फोन लावला आणि सगळं सांगितलं. आई आधी हसली, मग तिने विचारलं,

"पण इतक्या माणसांच्या अंथरुणाचं काय केलं गं तिनं?"

"गाद्या सकाळीच उन्हात टाकल्या होत्या."

"मग पक्की आहे," आई म्हणाली. पाच वर्षांत माझ्या सासरच्या कुणाला तिने असं प्रशस्तिपत्र दिलं नव्हतं.

अरीजला तिकडे राहायचा परवाना मिळायला बरेच महिने गेले, पण मिळाला. तिला दोन मुलं झाली. थोरल्याच्या वेळी गेट उघडलं. धाकटीच्या वेळी नाही. ती हनानच्या हातात जन्मली, आणि अबू सारी म्हणाले होते तसे सगळे पहाटेपर्यंत दाराबाहेर उभे होते. या वेळी त्यांच्यात यम्माही होत्या. जैतुनाचा परवाना घेऊन त्या दुपारीच पलीकडे गेल्या होत्या आणि संध्याकाळी परत आल्या नव्हत्या. गेटावर सकाळी त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, "घड्याळ चुकलं. कुणाची कुठली वेळ, म्हाताऱ्या माणसाला समजत नाही." शिपायाने कंटाळून सोडून दिलं.

आता दर वर्षी घड्याळं बदलली की यम्मांचं एकदा तरी चुकतंच. संध्याकाळी फोन येतो, मागे नातवंडांचा दंगा चालू असतो. "वैजू, अडकले गं मी इकडे. जेवून घ्या तुम्ही. आणि तुझ्या आईला फोन लाव."

मी लावते. या दोघी आजवर एकमेकींना भेटलेल्या नाहीत.

"आई, यम्मांचं घड्याळ चुकलं."

"गाद्या घातल्या होत्या का उन्हात?" आई विचारते.

"अरीजने कालच घातल्यात," मी सांगते.

"मग ठीक आहे," ती म्हणते, आणि फोन ठेवायचं तिच्या लवकर लक्षात येत नाही.